लालपरी, लाल डबा आणि यष्टी : वाचकांच्या शंका

एसटीला लोकांनी दिलेल्या नावांबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं या वेळी देत आहोत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

‘लालपरी’ हे नाव एसटीला कधी पडलं? घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात पहिल्यापासून हेच नाव होतं. — एक वाचक, संगमनेर

पहिल्यापासून असणं शक्य नाही, कारण पहिल्यापासून गाडी लाल नव्हती. १ जून १९४८ रोजी नगर-पुणे मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. बेडफर्डची ती गाडी तीस आसनांची होती. बॉडी लाकडी, बसायला काथ्याच्या गाद्या, अंग निळं आणि टप चंदेरी. पुढे लाकडाच्या जागी पोलादी बॉडी आली. पण पोलाद गंजतं, त्यात किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत तर फारच लवकर. म्हणून १९६० मध्ये ॲल्युमिनियमची बॉडी आली आणि त्याच टप्प्यावर निळा-चंदेरी रंग जाऊन लाल रंग आला. तेव्हा ज्या टोपणनावात ‘लाल’ आहे, ते त्याआधीचं धरता येणार नाही. तुमच्या वडीलधाऱ्यांना गाडी बरोबर आठवते आहे, नाव मात्र त्यांनी नंतरचं चिकटवलं आहे.

रंग बदलल्यावरही लोकांच्या तोंडी आधी बसला तो ‘लाल डबा’. ‘परी’ त्यानंतरची, आणि ती डब्याला उत्तर म्हणून आल्यासारखी आहे. खासगी आरामगाड्या वाढल्या, महामंडळानं स्वतःही वातानुकूलित गाड्या काढल्या, आणि साधी लाल गाडी मागे पडल्यासारखी वाटू लागली. तेव्हा तिच्याबद्दल मायेनं बोलणाऱ्यांना डब्यापेक्षा बरा शब्द हवा होता. तो वर्तमानपत्रांनी उचलला आणि समाजमाध्यमांवर तो घरोघरी पोचला. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळातल्या संपात तर बातम्यांचे मथळे याच नावावर चालले. लालपरी रुसली, लालपरी थांबली, लालपरी पुन्हा धावली. ‘महामंडळाची वाहतूक अंशतः सुरळीत’ यापेक्षा हे मथळ्यात चटकन बसतं, हेही एक कारण आहेच. आता मंत्री आणि महामंडळही जाहीरपणे हाच शब्द वापरतात.

शब्द म्हणून मात्र ‘लाल परी’ एसटीपेक्षा फार जुनी आहे. परी फारसीतून आली. लखनौच्या अमानतनं १८५३ मध्ये लिहिलेल्या ‘इंदरसभा’ या उर्दू संगीतनाट्यात इंद्राच्या दरबारात चार पऱ्या येतात : पुखराज परी, नीलम परी, लाल परी आणि सब्ज परी. प्रत्येकीचा रंग ठरलेला. पारशी नाटक मंडळ्यांनी हे नाटक मुंबईतही आणलं. एसटीचं नाव थेट तिथूनच उचललं म्हणणं ओढूनताणून होईल. पण रंगाला परी जोडायची रीत अशी आधीच तयार होती. मराठीत तिला जलपरी आणि सोनपरीची सोबतही होती. शिवाय गाडी, बस, एसटी हे तिन्ही शब्द मराठीत स्त्रीलिंगी. ‘एसटी आली’, ‘एसटी चुकली’ असं आपण म्हणतोच. ‘डबा’ पुल्लिंगी असल्यानं या बोलण्यात नेहमी थोडा अडखळतो, परी मात्र बिनबोभाट बसते.

महामंडळाच्या सगळ्याच गाड्यांना लालपरी म्हणायचं का? आणि महिलांना अर्धं तिकीट फक्त लालपरीतच मिळतं हे खरं का? — एक वाचक, लातूर

पहिल्याचं उत्तर नाही, दुसऱ्याचंही नाही.

लालपरी म्हणजे साधी गाडी. साधी, जलद आणि बहुतेक ठिकाणी रात्रीची साधी सेवा यांना लोक हेच नाव लावतात. गेल्या काही वर्षांत दाखल झालेल्या नव्या बांधणीच्या गाड्यांवर लाल रंगासोबत पांढराही आहे, तरी त्याही लालपरीच. शिवनेरी, शिवशाही, हिरकणी, शिवाई या वेगळ्या सेवा आहेत आणि त्यांचं भाडं वेगळं आहे. शिवाई ही विजेवर चालणारी. तिची पहिली फेरी १ जून २०२२ रोजी झाली आणि मार्ग मुद्दाम पुणे-नगर हाच निवडला होता.

‘जलद’ या शब्दावर बरेच जण फसतात. जलद गाडी कमी थांबे घेते, पण बसायला गाडी तीच आणि भाड्याचा दरही साध्याचाच. तेव्हा जलदच्या पाटीकडे बघून ‘जास्त पैसे पडतील’ म्हणून ती सोडू नका. सोडायची तर एकाच कारणासाठी : तुमचा फाटा तिच्या थांब्यांत नसेल तर. चढण्याआधी वाहकाला गावाचं नाही, थांब्याचं नाव विचारा. गाव मार्गावर असतं आणि थांबा नसतो, वाद तिथे होतात.

भाडं टप्प्यानं मोजतात. एक टप्पा ६ किलोमीटरचा आणि जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीचा दर टप्प्याला दहा रुपयांच्या आसपास आहे. अर्धवट टप्पा पूर्ण धरला जातो. १२ किलोमीटरला दोन टप्पे, १३ किलोमीटरला तीन. एक थांबा पुढे उतरलं की भाडं एकदम वाढल्यासारखं वाटतं ते यामुळे. वाहकानं चुकीचं तिकीट फाडलेलं नसतं.

महिला सन्मान योजना १७ मार्च २०२३ पासून सुरू झाली आणि ती महामंडळाच्या सर्व प्रकारच्या गाड्यांना लागू आहे, शिवनेरीलासुद्धा. गैरसमजाचं कारण एवढंच की योजनेच्या बातम्यांसोबत फोटो लाल गाडीचे छापले गेले. सवलत मूळ भाड्यावर मिळते. अपघात सहाय्यता निधीसारखे आकार त्यावर वेगळे लागतात, त्यामुळे तिकीट बरोबर निम्मं दिसत नाही. आणखी एक : सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. कोल्हापूरहून बेळगावला किंवा सावंतवाडीहून पणजीला जाताना हद्दीपलीकडच्या टप्प्यांचं भाडं पूर्ण भरावं लागतं. ७५ वर्षं पूर्ण केलेल्या ज्येष्ठांच्या मोफत प्रवासालाही (२६ ऑगस्ट २०२२ पासून) हीच हद्द आहे. ओळखपत्रावर जन्मतारीख असेल असंच न्या. नुसतं जन्मवर्ष छापलेल्या जुन्या कार्डावरून गाडीत बराच खल होतो.

‘लाल डबा’ म्हणणं अपमानाचं आहे का? आमच्या वाहक बंधूंना ते लागतं. — एक वाचक, बार्शी

कोण म्हणतं आणि कुठे म्हणतं यावर आहे. रोज ये-जा करणारा ‘डबा आला रे’ म्हणतो तेव्हा त्यात काही विखार नसतो. शहरातल्या कॉलेजात गावाकडच्या मुलाला ‘लाल डब्यातून आलेला’ म्हणतात तेव्हा टोमणा गाडीला नसतो, मुलाला असतो.

असा टोमणा आपल्याकडेच आहे असंही नाही. तेलुगूत साध्या सरकारी गाडीला ‘एर्र बस्सु’ म्हणजे लाल बस म्हणतात, आणि ‘एर्र बस्सु चढून आलाय’ म्हणजे थेट खेड्यातून उठून आलेला, शहराची रीत न कळणारा. हैदराबादला राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या कानावरून हे हमखास गेलेलं असतं. कर्नाटकात साध्या गाडीला ‘केंपु बस्सु’ म्हणतात, अर्थ तोच, पण त्यात हेटाळणी फारशी नाही, ओळख आहे. तीन भाषांत तीन शेजारी लाल गाडीकडे बघतात आणि परी फक्त आपल्याला दिसते, हे मराठी माणसाच्या खात्यावर जमा धरायला हरकत नाही.

‘डबा’ या शब्दाला मात्र तांत्रिक आधार आहे. जुन्या बॉडीत सांगाड्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटनं ठोकलेले असतात. खाली पाट्यांचे स्प्रिंग. खराब रस्त्यावर हादरे बसत गेले की रिव्हेटची भोकं किंचित मोठी होतात, पत्रा आणि सांगाडा यांच्यात फट पडते आणि पत्रा वाजू लागतो. खिडकीची सरकती काच ज्या खाचेतून जाते, तिच्यातलं रबर किंवा नमद्याची पट्टी झिजली की काच खाचेत आपटते. आपण ज्याला एसटीचा खडखडाट म्हणतो त्यात इंजिनापेक्षा या काचांचा वाटा मोठा. घडी घातलेला जाड कागद काच आणि चौकट यांच्यामध्ये सारला की आवाज लगेच पडतो, नेहमीचे प्रवासी तेच करतात. धक्के कमी हवे असतील तर पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली आसनं धरा. मागच्या चाकापलीकडे बॉडीचा मोठा भाग अधांतरी असतो. चाक खड्ड्यातून वर आलं की तो भाग जास्त उसळतो, म्हणून शेवटच्या बाकड्यावरचा माणूस टपाला डोकं लावून येतो.

नव्या गाड्यांत ॲल्युमिनियमऐवजी माइल्ड स्टीलचा, वेल्डिंगनं जोडलेला सांगाडा आहे. अपघातात ॲल्युमिनियमचा पत्रा फाटून पात्यासारखा आत येतो, पोलादी सांगाडा वाकतो पण टिकून राहतो, हे त्यामागचं कारण. गाडी जड झाली, पण वाजते कमी. डबा म्हणणाऱ्यांची अडचण झाली आहे.

‘यष्टी’ हा अडाणी उच्चार का? — एक वाचक, चिपळूण

अडाणी मुळीच नाही, नियमाला धरून आहे. मराठी तोंडात शब्दाच्या सुरुवातीचा ‘ए’ पुष्कळदा ‘ये’ होतो; ‘एक’चा ‘येक’ होतो तसा ‘एस’चा ‘येस’ आणि पुढे ‘यस’. मग स् आणि ट शेजारी आले की स् चा ष् होतो. संस्कृत व्याकरणात या बदलाला ष्टुत्व म्हणतात. मास्टरचा माष्टर, पोस्टाचं पोष्ट, स्टेशनचं ष्टेशन याच वाटेनं झालं. गंमत म्हणजे संस्कृतात ‘यष्टी’ म्हणजे काठी, आणि मराठी क्रिकेट समालोचनात स्टंपला यष्टी म्हणतात. त्यामुळे ‘यष्टी उडाली’ हे वाक्य मैदानात एक सांगतं आणि फाट्यावर दुसरं.

हिरकणीला लोक अजून ‘एशियाड’ का म्हणतात? — एक वाचक, दादर

निमआराम वर्गाच्या गाड्या १९८२ मध्ये, दिल्लीला आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या त्या सुमारास सुरू झाल्या आणि ‘एशियाड’ नाव त्या स्पर्धांवरूनच पडलं. हिरवा-पांढरा रंग, दोन-दोनची आसनं. दादर-पुणे मार्गावर तीच गाडी इतकी वर्षं धावली की नाव पक्कं बसलं. पुढे याच वर्गाला रायगडाचा कडा उतरून बाळासाठी घरी गेलेल्या गवळणीचं, हिरकणीचं नाव मिळालं. नाव उत्तम, पण थांब्यावर उभा असलेला माणूस जुन्या सवयीनंच बोलतो. तिकीट काढताना आणि आरक्षण करताना मात्र ‘निमआराम’ किंवा ‘हिरकणी’च शोधा, ‘एशियाड’ टाकून काही सापडणार नाही.

गाड्यांना नावं देण्याची हौस त्याहूनही जुनी आहे. पुणे-महाबळेश्वर मार्गावर सुरुवातीच्या काळातच ‘नीलकमल’ आणि ‘गिरिआरोहिणी’ अशा दोन आरामगाड्या होत्या. मॉरिस कमर्शियलची चासी, दोन-दोनची आसनं, पडदे, हिरवट काचा आणि आत चक्क घड्याळ. ही नावं महामंडळानं वरून दिलेली, लोकांच्या तोंडी ती राहिली नाहीत. लोकांनी दिलेलं नाव टिकतं याचा आणखी पुरावा नको. ‘रातराणी’ हा अपवाद. ते नाव रात्रीच्या सेवेला इतकं शोभलं की दोन्ही बाजूंनी मान्य झालं.

लालपरी बांधली कुठे जाते हे गाडी बघून कळतं का? — एक विद्यार्थी वाचक, वर्धा

बऱ्याचदा कळतं. महामंडळाच्या मध्यवर्ती कार्यशाळा तीन : पुण्याजवळ दापोडी, छत्रपती संभाजीनगरला चिकलठाणा आणि नागपूरला हिंगणा. बांधून झालेली गाडी तिथल्याच परिवहन कार्यालयात नोंदवतात. म्हणून एमएच-१४ बीटी दिसलं की दापोडी, एमएच-२० बीएल म्हणजे चिकलठाणा आणि एमएच-४० म्हणजे हिंगणा. तुमच्या वर्ध्याच्या बाजूला एमएच-४० जास्त दिसतील.

इथे दोन चुका होतात. पहिली, नंबरवरून गाडी कोणत्या आगाराची हे ठरवणं. आगाराचं नाव गाडीच्या अंगावर वेगळं लिहिलेलं असतं, ते वाचा. एमएच-२० ची गाडी सातारा जिल्ह्यातल्या आगाराची असू शकते. दुसरी, नंबर जुना म्हणून गाडी जुनी धरणं. जुनी चासी चांगली असेल तर कार्यशाळेत तिच्यावर नवी पोलादी बॉडी चढवतात. नंबर तोच राहतो, गाडी आतून-बाहेरून नवी दिसते. या प्रकाराला पुनर्बांधणी म्हणतात.

उत्तर प्रदेशातल्या सहकाऱ्यांना ‘सुट्टीत लालपरीनं गावी जाणार’ म्हटलं तर ते हसत सुटले. काय चुकलं? — एक वाचक, ठाणे

तुमचं काहीच चुकलं नाही. हिंदी पट्ट्यातल्या बोलभाषेत ‘लाल परी’ म्हणजे दारू. तुम्ही बाटलीच्या आधारानं गाव गाठणार असं त्यांनी ऐकलं. गुजरातेत राजकोटजवळ ‘लालपरी’ नावाचं तळं आहे, तिथल्या माणसाला आणखी तिसरंच काही वाटलं असतं. महाराष्ट्राबाहेर ‘सरकारी बस’ म्हणा, प्रश्न मिटला.

लालपरीत पिशवी विसरली, तक्रारअर्जातही ‘लालपरी’ असंच लिहिलं होतं. दाद मिळाली नाही. कसं लिहायला हवं होतं? शाळेच्या सहलीसाठी लालपरी ठरवायची तर काय करायचं तेही सांगा. — एका शाळेतील शिक्षक, खेड तालुका

टोपणनाव कागदावर चालत नाही. त्या दिवशी त्या मार्गावर दहा लालपऱ्या धावलेल्या असतात. अर्जात सेवेचा प्रकार (साधी किंवा जलद), मार्ग कुठून कुठे, सुटण्याची वेळ, गाडीचा नंबर, आगाराचं नाव आणि तुम्ही कुठे चढलात-उतरलात हे लिहा. मशीनमधून आलेलं तिकीट जपून ठेवलंत तर यातलं बरंचसं त्यावरच सापडतं. ती छपाई उष्णतेवर होत असल्यानं अक्षरं थोड्या दिवसांत उडतात, म्हणून तिकिटाचा फोटो लगेच काढून ठेवा. आणि तिकीट खिशात चुरगाळून, घामानं भिजवून आणू नका, मग त्यातून कुणालाच काही वाचता येत नाही.

पिशवीसाठी अर्ज ही नंतरची पायरी आहे. आधी ज्या स्थानकात उतरलात तिथल्या वाहतूक नियंत्रकाला गाठा आणि गाडी पुढे जिथे जाणार त्या स्थानकात फोन करायला सांगा. गाडी शेवटच्या स्थानकात पोचायच्या आत निरोप गेला तर पिशवी मिळण्याची शक्यता चांगली असते. त्यानंतर वाहक हिशेब द्यायला आपल्या आगारात जातो, तेव्हा चौकशी त्या आगारात करायची. तुमच्या गावाजवळच्या आगारात खेटे घालून उपयोग नाही. पुणे-लातूर गाडी लातूर विभागातल्या कोणत्याही आगाराची असू शकते. बहुतेकांची पिशवी नाही, तर आगार हरवतं.

सहलीसाठी जी गाडी ठरवतात तिला ‘प्रासंगिक करार’ म्हणतात. गाडीच्या पाटीवरही तेच शब्द असतात. शाळेच्या लेटरहेडवर आगार व्यवस्थापकांच्या नावे अर्ज करा. त्यात तारीख, निघण्याची आणि परतण्याची वेळ, पूर्ण मार्ग आणि विद्यार्थी-शिक्षकांची संख्या लिहा. शैक्षणिक सहलीला भाड्यात ५० टक्के सवलत आहे, म्हणून मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र आणि विद्यार्थ्यांची यादी सोबत हवी. किलोमीटर आगारातून गाडी निघाल्यापासून ती आगारात परत येईपर्यंत मोजतात. आगार शाळेपासून १५ किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन ३० किलोमीटर रिकामी धाव तुमच्या बिलात येते. अंदाजपत्रकात ती धरली नाही तर शेवटी वर्गणी कमी पडते. ऐनवेळी मार्गात एखादं जास्तीचं ठिकाण घालायचं असेल तर तेही आधीच अर्जात लिहा. चालक कराराबाहेरच्या रस्त्याला गाडी घालणार नाही, आणि त्यानं घालूही नये.

डिसेंबर-जानेवारीत सहलींची आणि त्यानंतर लग्नांची गर्दी असते. गाड्या आधी रोजच्या फेऱ्यांना लागतात, उरल्या तर कराराला. त्यामुळे तारीख ठरली की लगेच आगारात जा आणि एक पर्यायी तारीखही सोबत न्या. शनिवार-रविवारऐवजी मंगळवार किंवा बुधवार दिलात तर गाडी मिळणं पुष्कळ सोपं जातं.